भिंतीतले चार फूट

मंगळवार, दहा ऑक्टोबर २०१७. सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि सोनवडीच्या जुन्या कबरस्थानात आम्ही पाच जण होतो. चौघे जमिनीवर, एक भिंतीवर.

भिंतीवर अंतोन पाटोळे बसला होता. अंतोन हा माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ; बांधकामाची लहानसहान कंत्राटे घेतो आणि कॅथलिक चर्चमध्ये लहानपणापासून सेवा करतो. त्याचा एक पाय कॅथलिकांच्या बाजूला लोंबत होता, एक आमच्या.

"अंतोन, खाली उतर. भिंत जुनी आहे," मी म्हणालो.

"असू द्या, दाजी. दोन्हीकडं पाय असलेला गावात मी एकटाच आहे."

खाली उभे असलेले फादर रुमाव मोठ्याने हसले. ते वसईचे. गेली सहा वर्षे सोनवडीच्या कॅथलिक धर्मग्रामाचे काम पाहत होते, आणि भिंतीच्या या बाजूला येण्यासाठी एस.टी. स्टँडवरून मोठा वळसा घालून स्कूटरवर आले होते. कारण या कबरस्थानाच्या दोन भागांना दोन वेगळी फाटके आहेत, दोन वेगळ्या रस्त्यांवर. पश्चिमेचा भाग कॅथलिकांचा, पूर्वेचा आमचा, म्हणजे अमेरिकन मिशनमधून वाढलेल्या प्रोटेस्टंट मंडळीचा. मधली दगडी भिंत दीड फूट जाडीची. गोऱ्या मिशनऱ्यांच्या काळात दोन्ही मिशनांनी ती निम्मी निम्मी बांधली. दोघांनी मिळून केलेले गावातले तेवढे एकच काम, असे माझे वडील म्हणत असत.

या भिंतीला दार पाडायचे होते. कल्पना आमच्या पाळकांची. रेव्हरंड सुहास लोंढे वयाने तिशीतले, जूनमध्येच आमच्याकडे बदलून आलेले. एकतीस ऑक्टोबरला धर्मसुधारणेला, म्हणजे प्रोटेस्टंट कॅथलिकांपासून वेगळे झाले त्या घटनेला, पाचशे वर्षे पूर्ण होत होती. दरवर्षी त्या दिवसाच्या आसपास आमच्याकडे एक लांब उपदेश आणि चहा होई. कॅथलिक त्या दिवसाची दखलही घेत नसत. पाळकांनी फादरना प्रथमच बोलावणे केले आणि फादर हो म्हणाले.

"लूथरने चर्चच्या दारावर कागद ठोकला," पाळक पुन्हा एकदा उत्साहाने म्हणाले. "आपण पाचशे वर्षांनी दारच बसवू."

"आधी भिंतीत जागा तर सापडू दे," सुवार्ताबाई गोर्डे म्हणाल्या. सुवार्ताबाई आमच्या पंच कमिटीतल्या सर्वांत ज्येष्ठ. कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षे झाली होती, आवाज मात्र अद्याप निवृत्त झाला नव्हता.

जागा शोधण्याचे काम माझ्याकडे होते. मी, जयवंत ओहोळ, तंत्रनिकेतनात शिकलो आणि पुढे तिथेच चौतीस वर्षे इंजिनीअरिंग ड्रॉइंग शिकवले. मंडळीत काहीही बांधायचे वा पाडायचे असले की टेप माझ्या हाती येतो.

अडचण सरळ होती. कॅथलिक बाजूला भिंतीला लागून तीन फुटांची पट्टी मोकळी ठेवलेली आहे. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ते लोक मेणबत्त्या घेऊन त्या वाटेने कबरीकबरीपाशी फिरतात. आमच्या बाजूला तशी पट्टी नाही. आम्ही माणसाला मातीत ठेवतो, गीत म्हणतो आणि परततो. मृतांसाठी प्रार्थना करण्याची आमच्यात रीत नाही, त्यामुळे कबरीकडे परत येण्याचे कारण उरत नाही. आणि जिथे कोणी येणार नाही तिथे वाट कशाला ठेवायची? आमच्या कबरी थेट भिंतीला टेकलेल्या आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग.

"इथे आहे की मोकळं!" पाळक पुढे होऊन म्हणाले.

एका मिशनरी बाईंची संगमरवरी कबर आणि आमच्या पहिल्या देशी पाळकांची कबर यांच्यामध्ये गवताचा चार फूट रुंद तुकडा होता.

अंतोन भिंतीवरून दुसरीकडे पाहू लागला.

"ते मोकळं नाही, पाळकसाहेब," सुवार्ताबाई म्हणाल्या. "ते ओहोळ सरांचं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्यासाठी राखलेलं. भिंतीपलीकडे बरोबर समोर त्यांची बायको आहे. सेसिलबाई. फेब्रुवारीत गेल्या."

पाळकांचा चेहरा पडला. "सर, मला ठाऊक नव्हतं. माफ करा. राहू द्या आपण."

मी टेप ताणला. "अंतोन, तुझं टोक शिरोभागाच्या दगडाला लाव."

"दाजी…"

"लाव."

त्याने लावले. चार फूट पूर्ण. तीन फुटांचे दार आणि दोन्ही अंगांना सहा सहा इंचांची चौकट. मी आकडा लिहून घेतला. ओळंबा सोडून भिंतीचा कल पाहिला. मग म्हणालो, "तांत्रिकदृष्ट्या दार इथेच होऊ शकते. दुसरीकडे कुठेही नाही."

"तांत्रिकदृष्ट्या," सुवार्ताबाई पुटपुटल्या आणि पदर डोक्यावर ओढून फाटकाकडे चालू लागल्या.

त्या दिवसांतल्या माझ्या अवस्थेविषयी थोडे सांगायला हवे. सेसिल गेल्यापासून मला काही वाटत नव्हते. भूक लागत नव्हती, पण मी वेळेवर जेवत होतो. झोप लागत होती. रडू एकदाही आले नाही. मंडळीतले लोक एकमेकांना सांगत, ओहोळ सरांचा विश्वास पक्का आहे. मी त्यांचे बोलणे खोडून काढले नाही. ते विश्वासामुळे नव्हते. यंत्र बंद करून ठेवले की त्यातून आवाज येत नाही, तसे होते ते.

आमचे लग्न झाले तेव्हा दोघांनीही आपापले चर्च सोडायचे नाही असे ठरले होते. रविवारी सकाळी आम्ही घरून एकत्र निघायचो. पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात ती डावीकडे वळायची, मी उजवीकडे. "तुमचा उपदेश लांब, आमचे गुडघे लांब," ती म्हणायची. तिची मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, आधी आटपायची. टाकीच्या ओट्यावर, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन, ती माझी वाट पाहत बसलेली असायची. एवढ्या वर्षांत चौकातून डावीकडचा रस्ता मी दोनदाच चाललो. एकदा लग्नाला, एकदा तिला पोचवायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंतोन घरी आला. त्याच्या हातात डबा होता.

"सुकट आहे. आणि भाकरी. माझी बायको म्हणली, गरम असताना द्या."

"ठेव."

तो बसला नाही. खिडकीपाशी उभा राहून म्हणाला, "दाजी, मी भिंत फोडणार नाही. दुसरा गवंडी बघायला सांगा त्यांना."

"का?"

"का म्हणून काय विचारता? आक्काला मी शब्द दिलाय." त्याचा आवाज चढला. "दवाखान्यात होती तेव्हा मला म्हणली, अंतोन, भिंतीपलीकडं मोकळं कुठं आहे ते बघ, मला त्याच्यासमोर ठेव. मी टेप लावून बघितलं होतं. तुम्हाला कळायच्या आधी. तिची जागा तिनं तुमच्यासाठी निवडली, आणि तुम्ही तिथं दार लावायला निघालात?"

हे मला माहीत नव्हते. मला वाटत होते, जागा समोर आली हा योग होता.

"मी अजून काही ठरवलेलं नाही," मी म्हणालो.

"ठरवायचं काय त्यात? जूनपासून नवी माती कालव्यापलीकडच्या नव्या कबरस्थानात. जुन्यात फक्त राखलेल्या जागा. ही सोडली तर तुम्ही तिकडं, तीन मैलांवर, बाभळीत एकटे. आणि आक्का इथं." मग, स्वतःच्याच आवाजाने दचकल्यासारखा, तो जरा हसला. "तसं गंमत म्हणून आक्काला आवडलं असतं. आपली माणसं डोकं पश्चिमेला ठेवून पुरतात. म्हणजे बघा, तिचे पाय भिंतीकडं आणि तुमचं डोकं भिंतीकडं. मी म्हणलं होतं तिला, आयुष्यभर दाजींनी टेकवलं नाही, आता टेकवतील."

"काय म्हणाली?"

"हसली. खोकला येईस्तोवर हसली."

मी डबा उघडला आणि झाकला. काही तरी विचारायचे म्हणून विचारले, "तू जातोस तिच्याकडे?"

"दर रविवारी. मिस्सा झाली की."

"क्रूस नीट बसला आहे का? पाया पुरेसा खोल घेतला होतास?"

अंतोन खिडकीपासून वळला. माझ्याकडे नीट पाहत राहिला.

"दाजी, क्रूस मी मे महिन्यात बसवला. तुम्ही काढून दिलेल्या मापानं. तुम्ही बघितला नाही?"

"नाही."

"एकदा पण नाही?"

"आमच्यात जात नाहीत, अंतोन."

"तुमच्यात जात नाहीत," तो सावकाश म्हणाला. "पण भिंतीच्या या बाजूला तर तुम्ही रोज संध्याकाळी असता. माळी सांगतो मला. गवतात उभे राहता म्हणे, भिंतीकडं तोंड करून."

त्याने पायांत चपला सरकवल्या. दारातून म्हणाला, "सुकट खाऊन घ्या. तिखट आहे."

रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. फादर रुमाव मिस्सा आटोपून आले होते आणि त्यांच्याबरोबर अंतोनही आला होता. तो मागे दाराशी उभा राहिला. पहिला अर्धा तास दारावरच्या फरशीवर काय लिहायचे यात गेला. पाळकांनी मजकूर आणला होता: धर्मसुधारणेचा पंचशताब्दी महोत्सव.

"महोत्सव नको," फादर शांतपणे म्हणाले. "तुमच्यासाठी तो वाढदिवस आहे, मला समजतं. आमच्यासाठी ते घर फुटल्याची तारीख आहे. वेगळ्या झालेल्या भावाच्या घरी मी जेवायला येईन, आनंदाने येईन. पण वाटणी झाली त्या दिवसाचे पेढे वाटू नका."

"मग स्मरण लिहू," पाळक म्हणाले.

"स्मरण चालेल."

"मला नाही चालणार," सुवार्ताबाई म्हणाल्या. "बायबल आपल्या भाषेत वाचायला मिळालं ते कशामुळे? माझ्या आजीला अक्षर आलं ते कशामुळे? त्याचा मी आनंद करणार. दुखवटा नाही पाळणार."

"बाई, आनंद करा ना. फक्त फरशीवर नका करू."

हशा पिकला. सुवार्ताबाईही हसल्या. अखेरीस फरशीवर केवळ तारीख कोरायची असे ठरले. आनंद ज्याने त्याने आपापल्या बाजूला करावा.

मग मी शीट उघडून टेबलावर पसरली. दर्शनी आराखडा, छेद, चौकटीचे मोजमाप. दार त्या चार फुटांत होते.

पाळक म्हणाले, "सर, कोणी तुमच्यावर जोर केलेला नाही. दाराशिवायही संयुक्त उपासना होईल."

"मला कल्पना आहे."

"जयवंत," सुवार्ताबाई मला नावाने हाक मारत, कारण लहानपणी त्यांनी मला चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवले होते, "हे बघ. ही पाचशे वर्षं मोठी, मान्य. पण ती पुस्तकातली. तुझी जागा खरी आहे. सेसिल कुठे, तू कुठे, याचा तू विचार केलास का? उद्या तुला वाईट वाटलं तर तिथे पुन्हा भिंत बांधून द्यायला कोणी येणार नाही."

"मी विचार केला आहे, बाई."

"मग कारण सांग."

"दुसरीकडे कुठेही दार बसत नाही."

"हे कारण नाही. हे माप आहे."

"माझ्यापाशी तेवढंच आहे," मी म्हणालो, आणि ते खरे होते. फादर माझ्याकडे पाहत होते. दाराशी उभ्या असलेल्या अंतोनकडे मी पाहिले. "काम तू करशील का? दुसऱ्याने केलं तर दारावरचं लिंटेल नीट बसणार नाही."

अंतोन दारातून पुढे आला आणि टेबलावरच्या शीटवर वाकला.

"दाजी, आक्काला काय सांगू?"

"मापं मी दिली होती, असं सांग."

त्याने मान खाली घातली. मग हलवली.

पुढच्या आठवड्यात भिंत फुटली. अंतोनने एकेक दगड हाताने उतरवला, घण फारसा वापरला नाही. मी रोज ओळंबा घेऊन जात होतो, पण आमच्याच बाजूला उभा राहत होतो. भगदाडापुढे त्याने ताडपत्री लावली होती, धूळ तिकडच्या कबरींवर जाऊ नये म्हणून. ती बाजूला करून पाहावे असे मला वाटले नाही. गवत उपटले गेले, तिथे मुरूम पडला. माझ्या जागेवर आता वाट होती. मला काही वाटले नाही.

एकतीस ऑक्टोबरला संध्याकाळी पाच वाजता आमच्या चर्चमध्ये संयुक्त उपासना झाली. कॅथलिकांची मंडळी पहिल्यांदाच आमच्या बाकांवर बसली. गुडघे टेकायला फळी सापडेना म्हणून त्यांच्या म्हाताऱ्या बायका गोंधळल्या. आमच्या लोकांनी मोठ्याने गीते गाइली, त्यांच्या गायकवृंदाने सुरेल गाइली. एलिया ब्रदर, ज्यांचे प्रार्थनाघर बाजारपेठेत पत्र्याच्या शेडमध्ये भरते, ते "पवित्र शास्त्रात असले दिवस नाहीत" असे सांगून बाहेर चिंचेखाली उभे राहिले होते. तिसऱ्या गीताला आत येऊन डफ वाजवू लागले. फादरांनी शास्त्रपाठ वाचला. पाळकांनी उपदेश केला, त्यांच्या मानाने लहान.

तिथून सर्वजण आपापल्या रस्त्याने कबरस्थानात गेले, आम्ही आमच्या फाटकाने, ते त्यांच्या. दोन्हीकडून प्रार्थना झाली. पाळकांनी इकडून आणि फादरांनी तिकडून कडी काढली. दार उघडले. लोखंडी दार, बिजागरी अगदी मुकाट फिरली.

त्यानंतर काय करायचे ते कोणी ठरवले नव्हते. आमची माणसे या बाजूला उभी राहिली, त्यांची त्या बाजूला. मधल्या चौकटीतून सर्वांनी एकमेकांना पाहिले. सुवार्ताबाईंनी पलीकडच्या कोणा बाईला हात केला. पाळक आणि फादर यांनी उंबऱ्यावर हस्तांदोलन केले, त्याचा फोटो निघाला. अंधारू लागले तशी माणसे पांगली. दारातून कोणी गेले नाही.

दोन नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी चार वाजता मी तेलाची बाटली घेऊन कबरस्थानात गेलो. नव्या बिजागरीला दोन दिवसांनी तेल लागते. निदान घरून निघताना मी स्वतःला तसे सांगितले होते.

आमची बाजू नेहमीसारखी निर्मनुष्य होती. दार सताड उघडे होते आणि पलीकडे सगळे गाव लोटले होते. झेंडूच्या माळा, अगरबत्त्या, नव्या कपड्यांतली मुले, कबरींवर ओळीने लावलेल्या मेणबत्त्या. कोणी रडत नव्हते. बायका गप्पा मारत होत्या. फादर पवित्र पाणी शिंपडत दूरच्या रांगेतून येत होते.

मी वरच्या बिजागरीत तेल सोडले. खालच्या बिजागरीसाठी वाकलो, तेव्हा समोर क्रूस दिसला. पांढरा, माझ्या मापाचा. त्याखाली तिचे नाव. अंतोन जवळच उकिडवा बसून मेणबत्त्या पेटवत होता.

"दाजी," त्याने वर न पाहता म्हटले, "तिथून तेल घालताय ते बरोबर आहे, पण दुसरी कडी या बाजूला आहे."

मी उभा राहिलो. उंबऱ्यावर पाय ठेवला. चौकातून डावीकडचा रस्ता तिचा होता; तो मला चालवत नव्हता. हा रस्ता कोणाचाच नव्हता. माझ्या चार फुटांतून निघून मी तीन पावलांत तिच्या पायांशी पोचलो.

अंतोनने मेणबत्ती पुढे केली.

"मी तिच्यासाठी प्रार्थना करणार नाही," मी म्हणालो. "आमच्यात करत नाहीत."

"नका करू. वारा आहे, नुसती धरून ठेवा."

मी धरून ठेवली. दुसऱ्या तळव्याने आडोसा केला. क्रूस ओळंब्यात होता. पाया खोल घेतलेला होता. झेंडूची पाकळी अक्षरांत अडकली होती, ती मी काढली नाही. फादर आले, पाणी शिंपडले, चार थेंब माझ्या बाहीवर पडले. ते थांबले नाहीत, पुढे गेले.

बऱ्याच वेळाने अंतोन म्हणाला, "दाजी, मेण."

वितळलेले मेण माझ्या अंगठ्यावरून मनगटापर्यंत आले होते. मी पाहिले. मग चटका बसला. आधी हाताला, नंतर आत कुठे तरी, आणि मी तिथेच मातीत खाली बसलो. अंतोनने मेणबत्ती माझ्या हातातून घेतली आणि पाठ फिरवून, मला कोणी पाहू नये असा आडवा उभा राहिला.

आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. कालव्यापलीकडे माझी जागा ठरली आहे. अंतोनने ती एकदा दाखवून आणली. बाभळी फारशा नाहीत. रविवारी उपासना आटोपली की मी त्या दारातून जातो. ती आधी आलेली असते, पूर्वीसारखीच.

त्या गुरुवारी दार लावून निघालो तेव्हा फाटकापाशी पाळक भेटले. त्यांना वरच्या कार्यालयाला कळवायचे होते, खिशातून पेन काढत त्यांनी अधीरपणे विचारले, "सर, तुम्ही इथेच होता ना? आज आपल्या बाजूची किती माणसं दारातून पलीकडे गेली?"

"एक," मी म्हणालो.